पाण्याच्या वेळेवर पक्षी : मांडवा ते हर्णै

समुद्रकाठी पक्षी बघायचे तर पहाटे पाचचा गजर लावून फारसं काही साधत नाही. जंगलात उजाडलं की पक्षी जागा होतो, बोलतो, दिसतो. किनाऱ्यावरचा पक्षी पाण्याकडे बघून वागतो. ओहोटीला तो पार आत, ओल्या पुळणीवर कुठेतरी ठिपक्याएवढा. भरती पूर्ण झाली की खडकाच्या टोकावर नाहीतर खाडीतल्या वाळूच्या दांड्यावर एका पायावर झोपलेला. मधले दोन-अडीच तास, पाणी चढत असताना, तो आपल्या दिशेने सरकत येतो. ते तास गाठायचे.

हे गणित माझ्यापेक्षा अण्णांना जास्त येतं. अण्णा म्हणजे माझे सासरे. बालपण श्रीवर्धनकडचं, नोकरी पोस्टातली, आणि पक्ष्यांमधलं ज्ञान कावळा, घार, बगळा एवढ्यावर संपलेलं. पण पाण्याचं विचारा. तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ निघते. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. मी मोबाइलवरच्या कोष्टकाशी ताडून बघितलं, थोड्या मिनिटांचा फरक निघाला. अण्णा म्हणाले, "मिनिटं तुझी, पाणी माझं." मग त्यांना घेऊनच निघायचं ठरलं. पौष शुद्ध तृतीया निवडली. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे पाणी उधाणाचं. चढणार भरपूर, उतरणारही भरपूर.

शुक्रवार : मांडवा, किहीम, आक्षी

भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोत चढलो आणि तासाभरात मांडव्याला उतरलो. पनवेल-वडखळचा रस्ता ज्यांनी शनिवारी सकाळी केलाय त्यांना या तासाची किंमत सांगायला नको.

चोंढीवरून किहीमला मुद्दाम वळलो. सलीम अलींनी १९३०च्या पावसाळ्यात इथेच सुगरणींच्या वसाहतीवर नजर ठेवली होती. नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर आत मुक्काम करते. मग नर ते घरटं पुरं करतो आणि लगेच शेजारी दुसरं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. आज हे शाळेच्या पुस्तकातलं वाटेल, पण तोवर ते कुणी असं तपशिलात मांडलेलं नव्हतं. आता जानेवारीत सुगरणींचा हंगाम नाही. एका विहिरीवर झुकलेल्या शिंदीला जुनी घरटी लोंबत होती, दोन फाटलेली. अण्णांनी संसाराची ती पद्धत ऐकून घेतली आणि "बरं चाललंय त्याचं" एवढंच म्हणाले.

आक्षीला पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. गावातून सुरूच्या बनात गाडी लावली. बन संपलं की एकदम मोठी, सपाट, करडी पुळण. पाणी बरंच दूर होतं, पण फिरलेलं. मी सवयीने पाण्याच्या कडेला निघाले तर अण्णांनी थांबवलं. समोरच्या पुळणीत डावीकडे एक सखल पट्टी होती, तिच्यात आधीच पाणी शिरायला लागलं होतं. तिच्या पलीकडे वाळूचा लांबट दांडा.

"पाणी आधी या पट्टीतनं येणार. दांडा शेवटपर्यंत कोरडा राहणार. तुझे पक्षी पाय भिजवून झोपतात का कोरड्यात?"

"कोरड्यात. फार तर घोटाभर पाण्यात."

"मग हित बस. कशाला तंगडतोड करतेस."

घडीच्या खुर्च्या टाकल्या, तिवई उभी केली, तिच्यावर स्कोप, म्हणजे लांबचं बघायची दुर्बीण, लावला.

बसल्या जागी पायाखालची वाळू बघण्यासारखी होती. ओल्या पुळणीवर मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी पसरलेली, मधोमध एक भोक आणि भोकातून निघालेल्या रेघांवर गोळ्या. हे काम इवल्याशा खेकड्यांचं. ओहोटी झाली की ते बिळातून वर येतात, वाळू तोंडात घेऊन तिच्यावरचं खाण्यासारखं सूक्ष्म काही असेल ते चाटूनपुसून घेतात आणि उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतात. भरती आली की सगळं पुसलं जातं, पुढच्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून. एक खेकडा मी घड्याळ लावून बघितला. मिनिटाला दहा-बारा गोळ्या सहज. माझी सावली हलली की बिळात, थोड्या वेळाने पुन्हा बाहेर. चिखल्या नावाच्या छोट्या किनारपक्ष्यांचं जेवण म्हणजे हेच खेकडे आणि वाळूतल्या अळ्या.

चिखल्ये आलेच. चिखल्या पळतो, थबकतो, टिपतो, पुन्हा पळतो. डोळे मोठे, चोच आखूड, म्हणजे सगळा कारभार नजरेवर. तुतारी-टिलवे या मंडळींचं वेगळं. त्यांची चोच लांब, टोकाला स्पर्शाची बारीक जाण, ती चिखलात खुपसून आंधळेपणाने चाचपत चालतात. त्यामुळे एकाच पुळणीवर दोघांची भांडणं होत नाहीत. एक वरचं उचलतो, दुसरा खालचं.

नवख्याचा घाम काढणारा प्रकार म्हणजे हिवाळ्यातले चिखल्ये. सगळे वरून वाळूच्या रंगाचे, खालून पांढरे. मी एक क्रम ठरवून घेतलाय. आधी मान बघायची. मानेमागून पांढरी पट्टी गेलेली असेल तर केंटिश चिखल्या, त्याचे पायही काळपट असतात. पट्टी नसेल तर वाळू चिखल्या, छोटा किंवा मोठा. मग चोच. छोट्याची चोच आखूड, मोठ्याची लांब आणि दांडगी, पायही लांब. छोट्या वाळू चिखल्याचे तज्ज्ञांनी अलीकडे दोन वेगळे पक्षी केलेत, सैबेरियाचा आणि तिबेटचा. आपल्या किनाऱ्यावर येणारे मुख्यतः तिबेटी. म्हणजे उन्हाळ्यात चार हजार मीटरच्या पठारावर अंडी घालणारा हा चिमणा जीव हिवाळा काढायला समुद्रसपाटीला येतो. अण्णांना हे पटेना. "एवढासा?" स्कोपमधून बघितल्यावर तर अजूनच पटेना.

दीड वाजता दांड्यावर गर्दी झाली. लाटेच्या तोंडाशी सँडरलिंगांची फौज. लाट मागे गेली की तिच्यामागे धावतात, चटचट टिपतात, पुढची लाट आली की सगळे एकदम माघारी, आणि पाय भिजत नाहीत. पायांना मागचं बोट नसल्यामुळे धावताना ते खेळण्यातल्या चावीच्या पक्ष्यासारखे दिसतात. त्यांच्यापलीकडे पाच कालवफोडे उभे होते. काळी पाठ, पांढरं पोट, लालभडक लांब चोच. ओळख पटवायला पुस्तक लागत नाही असा हा पक्षी, आणि आक्षीला मी मुख्यतः त्यांच्यासाठीच येते. एकाने शिंपला धरला, फटीत चोच घातली आणि आतला स्नायू कापून तो उघडला. पुरता अर्धा मिनिटही लागला नाही.

आणि गॉडविट. पट्टेरी शेपटीचे, किंचित वर वळलेल्या चोचीचे, कालवफोड्यांच्या मागे बेतास बात. याच जातीच्या अलास्कातल्या एका पिल्लाने २०२२मध्ये टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर एका दमात उडून दाखवले. पाठीवर उपग्रहाला खुणावणारं यंत्र होतं म्हणून कळलं. वाटेत ना खाणं ना पाणी, अकरा दिवस. निघण्याआधी हे पक्षी चरबी चढवतात आणि जठर-आतडी आकसून घेतात, कारण वाटेत त्यांचं ओझं नुसतं वाहायचं. आपल्याकडचे गॉडविट सैबेरियाकडून येतात, त्यांचा पल्ला एवढा नाही, पण जात तीच. अण्णा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "आणि टपाल?"

सव्वादोनला, म्हणजे गणिताप्रमाणे बरोबर, पाणी दांड्याच्या कडेला टेकलं. दोन-अडीचशे पक्षी एका दिशेला तोंड करून उभे, निम्म्यांची चोच पंखात. आणि तेवढ्यात नागावच्या बाजूने चार चाकांच्या फटफट्या आल्या. चालवणाऱ्यांना काही वाईट करायचं नव्हतं. पक्षी उडाले की मजा वाटते, मोबाइलवर छान दिसतं, म्हणून सरळ दांड्यातून. सगळा थवा उठला, समुद्रावर दोन गिरक्या मारून परत बसला. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मग कुत्री. तासाभरात थवा पाच वेळा उडाला, शेवटी कालवफोडे गेले ते आलेच नाहीत.

लोक म्हणतात, उडाले तर उडाले, पक्षीच आहेत. पण ओहोटीला सहा तास खाऊन जी शिदोरी साठवायची ती भरतीच्या विश्रांतीत राखायची असते. तीच आपण उधळायला लावतो. आणि भरतीची दुपार म्हणजे नेमकी पर्यटकांची वेळ. पुळणीवर वाहनं आणू नयेत असे फलक आहेत. फलकाला टेकूनच एक फटफटी उभी होती.

शनिवार : रेवदंडा, कोर्लई, दिघी, दिवेआगर

आज नवाच्या सुमारास ओहोटी, म्हणून पहाटे निघण्यात अर्थ होता. रेवदंडा-साळाव पुलाच्या अलीकडे उतरलो. खाली कुंडलिका, दोन्ही काठांना चिखल उघडा पडलेला, आणि चिखलावर सकाळचं तिरपं ऊन. पुलावर थांबू नका, वाहतूक बेफाम असते. रेवदंड्याच्या बाजूला किल्ल्याच्या तटाकडून खाडीकाठी उतरायला वाट आहे.

पुळणीवर बघायची ती भरती, चिखलावर बघायची ती ओहोटी. इथे कोरल, म्हणजे कर्ल्यू पक्षी. मोठे, तपकिरी, आणि चोच अशी की बघणाऱ्यालाच ओझं वाटावं, खाली वळलेली. मादीची नरापेक्षा लांब. एकाने चोच पार डोळ्यांपर्यंत चिखलात घातली, मान तिरकी केली, एक चिंबोरीचं पिल्लू ओढून काढलं, झटकून झटकून नांग्या तोडल्या आणि गिळलं. शेजारी छोटा कोरल, ज्याच्या डोक्यावर पट्टे असतात, पण तो कोरलांपासून अंतर राखून. या घराण्यातला एक भाऊ, बारीक चोचीचा कर्ल्यू, १९९५मध्ये मोरोक्कोत शेवटचा खात्रीने दिसला आणि २०२५मध्ये नामशेष म्हणून जाहीर झाला. समोरचा मोठा कोरलही धोक्याच्या उंबरठ्यावरच्या यादीत आहे.

लाल पायाचे टिलवे सगळीकडे. चिखलावरचे चौकीदार हेच. कुणी आलं की पहिली शिट्टी यांची आणि मग सगळे सावध. काठाच्या तिवरांत काळ्या डोक्याचा खंड्या बसला होता. जांभळट निळी पाठ, लाल चोच. आपल्या नेहमीच्या खंड्यापुढे हा जरा राजेशाही, आणि तिवरं सोडून फारसा बाहेर न पडणारा.

चिखलात गुडघाभर उतरून तिघी बायका शिवल्या, म्हणजे शिंपले, काढत होत्या. पक्षी त्यांच्यापासून पंधरा-वीस पावलांवर निवांत चरत होते. मी काठावरून दोन पावलं पुढे टाकली की मात्र टिलव्याची शिट्टी. मी हे त्यांच्यातल्या एकीला म्हटलं.

"आम्ही वाकून असतो ना," त्या म्हणाल्या. "उभं राहून टक लावलं की पाखरू उडतंच. दिसतं का काही त्यातून?"

त्यांना स्कोपमधून कोरल दाखवला. बघितला, "हा होय, रोज असतो" म्हणाल्या आणि परत कामाला लागल्या. वाकून चालण्याचा सल्ला मात्र मी पुढे सगळीकडे वापरला. कामाचा आहे.

कोर्लईपुढे काशीद, नांदगाव, मुरूड हा सगळा पट्टा शनिवारी पक्ष्यांसाठी सोडून द्यावा. फणसाड अभयारण्याला एक अख्खा दिवस द्यायला हवा. जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान, १९८६मध्ये अभयारण्य झालं, शेकरू आणि धनेशांची जागा. आम्ही रस्त्यावरूनच नमस्कार केला. आगरदांड्याला जंगलजेट्टीच्या, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीच्या, रांगेत पाऊण तास. दिघीच्या बाजूला उतरताना खाडीतल्या एका खुंटावर समुद्र बगळा होता, पाटीसारखा गडद, फक्त गळा पांढरा. याच जातीत काही पक्षी पूर्ण पांढरेही असतात. अण्णा म्हणाले, असला काळा बगळा लहानपणी बघितलेला, तेव्हा घरच्यांनी थापा मारू नको म्हणून गप्प केलं होतं.

दिवेआगरला तीनची भरती होती. किनाऱ्यावर घोडागाड्या, पॅराशूट, भेळ. पक्षी शून्य. कपाळाला हात न लावता वाडीत परतलो, कारण जिथे उतरलो होतो ती वाडी खुद्द पक्ष्यांनी भरलेली होती. पोफळीत पाणी सोडलेलं आणि त्या गारव्याला नारंगी डोक्याची कस्तूर पाचोळा उलटत होती. हळद्या, सुभग, तांबट, जायफळाच्या झाडाखाली शिंजीर. काकूंनी उकडीचे मोदक केले होते, तेव्हा पुढची नोंद त्रोटक आहे. रात्री सुरूच्या कडेने फिरताना रातव्याचा टकटक आवाज ऐकला.

रविवार : हरिहरेश्वर, सावित्री, वेळास

श्रीवर्धनला अण्णांच्या लहानपणच्या घराच्या जागी आता तीन मजली लॉज आहे. त्यांनी गाडीतूनच बघितलं आणि पुढे चल म्हणाले.

हरिहरेश्वरला लोक प्रदक्षिणेला उतरतात त्या खडकांवर मी पक्ष्यांसाठी उतरते. दोन्ही कामं ओहोटीलाच करायची, उधाणाच्या लाटेने इथे माणसं नेलेली आहेत. लाटांनी कोरून जाळी केलेला खडक, खळग्यांत साचलेलं पाणी. पुळणीवरचे पक्षी इथे नाहीत. इथे टर्नस्टोन. आखूड नारिंगी पाय, पाचरीसारखी चोच, आणि खरोखर दगड, शिंपले, शेवाळाचे पापुद्रे उलटत चाललेले. मंदिरामागच्या कड्यावर निळा कस्तूर एकटा बसला होता. हिमालयाकडून आलेला हिवाळी पाहुणा, खडकाचा आणि त्याचा रंग ऊन पडेपर्यंत एकच वाटतो.

बागमांडल्याहून वेश्वीला जाणारी फेरी सावित्रीच्या मुखावरून जाते. अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी. मधल्या पाण्यात डोलीच्या जाळ्यांचे खुंट रोवलेले असतात आणि त्यांतल्या एकावर कैकर बसला होता. डोळ्यातून गेलेली काळी पट्टी, पांढरं डोकं, पायाखाली मासा. फेरीचं इंजिन जवळून गेलं तरी तो हलला नाही. मग उडाला तेव्हा मासा दोन्ही पायांत, तोंड पुढे करून धरलेला, म्हणजे वारा कापत जाईल. इतर शिकारी पक्ष्यांना हे जमत नाही असं नाही, पण याच्या पायाचं एक बोट मागे फिरतं आणि तळव्याला काटे असतात, निसटता मासा धरायला. फेरीतल्या सगळ्यांनी मोबाइल काढले. एका आजोबांनी अण्णांना विचारलं, घार का? अण्णा म्हणाले, "नाही, कैकर. मासे सोडून काही खात नाही. शुद्ध मांसाहारी."

बाणकोटचा किल्ला ओलांडून वेळासला पोचलो. नाना फडणविसांचं गाव, आणि २००२पासून कासवांचं. जानेवारीत किनाऱ्यावर जाळीच्या कुंपणात कासवांची अंडी पुरून ठेवलेली असतात, पिल्लं बाहेर यायला पुढे अवकाश असतो, त्यामुळे गर्दी नाही. पावणेचारची भरती. लांब, रिकामी पुळण. आक्षीला फटफट्यांनी उडवलेले तेच पक्षी इथे पंचवीस पावलांवर झोपलेले बघितले तेव्हा मला शुक्रवारचा राग नव्याने आला. केंटिश चिखल्ये तर वाळूत उमटलेल्या बैलगाडीच्या चाकोरीत, माणसाच्या पावलाच्या खड्ड्यात बसले होते, वारा लागू नये म्हणून. वाऱ्याकडे तोंड, अंग खड्ड्यात, डोळा अर्धा मिटलेला. जरा नजर चुकली की वाळू.

सोमवार : समुद्र गरुड, केळशी, हर्णै

या सगळ्या वाटेवर मला ज्याची ओढ होती तो आज. समुद्र गरुड जन्मभर बहुधा एकाच जोडीदाराबरोबर राहतो आणि तेच घरटं वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरतो. काड्यांवर काड्या चढत जाऊन त्याचा भलामोठा भारा होतो. आम्ही बघितलं ते घरटं खूप उंच, एका जुन्या झाडाच्या फाट्यात. झाड कुठलं, कुठे, ते लिहिणार नाही. फोटोसाठी लोक झाडाखाली मुक्काम ठोकतात, ढोल-ताशा वाजवून गरुड उडवलेलेही ऐकिवात आहेत. वाडीच्या मालकांनी आम्हाला शेजारच्या टेकाडावर नेलं, तिथून खाली बघितलं की घरटं नजरेच्या पातळीला आणि बरंच लांब. स्कोपला तेवढं पुरतं.

घरट्यात एकच पिल्लू, तपकिरी पिसं फुटलेलं. मादी कडेला. डोकं, मान, पोट पांढरंशुभ्र, पंख राखाडी. सात-साडेसातला नर समुद्राकडून आला. उडताना तो पंख वर उचलून धरतो, समोरून बघितलं तर उघड्या पुस्तकासारखा कोन दिसतो, आणि शेपूट पाचरीसारखी. लांबूनही चुकायचं कारण नाही. पायात काहीतरी लांब लोंबत होतं. मी मासा म्हटलं, अण्णा स्कोपला लागले होते.

"मासा नव्हे. मेरवं आहे. शेपूट बघ, वल्ह्यासारखी चपटी."

समुद्रसाप. जाळ्यात अडकलेले, मच्छीमार फेकून देतात ते, आणि श्वास घ्यायला वर येणारे जिवंतही, दोन्ही गरुडाच्या खाण्यात असतात. नराने तो घरट्यात टाकला आणि उडून शेजारच्या माडावर बसला. मादीने एका पायाने दाबून धरला, चोचीने तुकडे करून पिल्लाला भरवायला सुरुवात केली. पिल्लाने मोठा तुकडा ओढून घेतला, अर्धा गिळला, अर्धा बाहेर, आणि तसंच ते पाचेक मिनिटं मान वर करून बसलं. मालकांनी सांगितलं की झाडाखाली सापांचे मणके पडलेले असतात, पोरं दोऱ्यात ओवतात. या जोडीला ते ओरडतात त्या आवाजाने सगळं गाव ओळखतं. बदकासारखा घोगरा कर्कश आवाज, एवढ्या रुबाबदार पक्ष्याला अजिबात न शोभणारा. हे झाड तोडायला एकदा गिऱ्हाईक आलं होतं. त्यांनी दिलं नाही, पण कारण विचारल्यावर निसर्गप्रेम वगैरे काही बोलले नाहीत. म्हणाले, "गरुड बसतो त्या झाडाला कोयता लावून कुठे फेडू?"

दहाला निघालो. केळशीला भारजा नदीच्या मुखाशी वाळूची जुनी टेकडी आहे, अभ्यासक तिच्या थरांमधून जुन्या समुद्राचा माग काढतात. आम्हाला ती सावलीसाठी उपयोगी पडली. खाडीत साडेदहाची ओहोटी, दोन कॅस्पियन सुरय, गाजरासारख्या जाड लाल चोचीचे, डोकं खाली घालून पाणी चाळत चाललेले. काठाला पांढरी चिप्पी फुलली होती. २०२०मध्ये तिला राज्याचा कांदळवन वृक्ष केलं. फुलं रात्री उमलतात, सकाळी बघायला मिळतात ते पाण्यावर तरंगणारे पांढरे केसर. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो, वरून सुवर्णदुर्ग दिसतो.

चारला हर्णै बंदर. संध्याकाळचा लिलाव सुरू व्हायचा होता, होड्या लागत होत्या, वलांडीवर बोंबील आणि खाली कावळे, ब्राह्मणी घारी, कुरव. कुरव, म्हणजे सीगल, शेकड्यांनी. बहुतेक तपकिरी डोक्याचे, पण हिवाळ्यात डोकं तपकिरी नसतंच, फक्त कानामागे एक ठिपका. मग ओळखायचा पंखाच्या टोकावरून. काळ्या टोकात पांढरा ठिपका, ज्याला आरसा म्हणतात, आणि डोळा फिकट असेल तर हा. पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पाचर आणि डोळा गडद असेल तर काळ्या डोक्याचा. तपकिरी डोक्याचे लडाख-तिबेटच्या तळ्यांवरून येतात आणि इथे माशांची आतडी खाऊन गुबगुबीत होतात. तेही चालेल, मासे तरी आहेत. फेरीबोटीवरून लोक त्यांना वेफर्स आणि गाठ्या भरवतात ते मला बघवत नाही. तळलेलं मीठ-तिखट घालायचं आणि पुण्य समजायचं.

धक्क्याच्या टोकाला तीन मोठे कुरव वेगळे उभे होते, पिवळी चोच, गडद राखाडी पाठ. या मोठ्या कुरवांची ओळख हा सगळ्यात चिवट विषय. पाठीची छटा, पायाचा पिवळेपणा, डोक्यावरच्या रेघा, वय, सगळं धरायचं आणि तरी वाद उरतो. मी फोटो काढत होते, तेवढ्यात लिलावाची हाक आली. आमच्या मागे पापलेटांच्या टोपल्या आल्या, कुरव उठले, आणि मोठे तिघं गर्दीत कुठे मिसळले ते कळलं नाही. यादीत "मोठा कुरव, जात नक्की नाही" असं लिहिलं.

अण्णा तोवर सुरमईच्या भावात शिरले होते. बाईने साडेसातशे सांगितले, यांनी पाचशे. ती म्हणाली, काका, पाणी वर आलं आता, होड्या संपल्या, उद्या या. अण्णांनी समुद्राकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि साडेसहाशे दिले. बर्फ घालून डबा गाडीत ठेवला आणि अंधार पडायच्या आत दापोली गाठायला निघालो.